चिसोमोच्या उंचीचं दार

लविनाला रात्रभर झोप आली नाही. कारण इतकं क्षुल्लक होतं की त्यासाठी नवऱ्याला उठवायचीही सोय नव्हती. जुईनं जेवताना दोन घास खाल्ले आणि "पोट भरलं" म्हटलं, एवढंच. मिशनशाळेत, सिस्टरांच्या लांबलचक टेबलाशी पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन, पाच वर्षांची पोर गोड आवाजात म्हणाली, "थँक्यू, पोट भरलं." मुख्याध्यापिका सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "किती शहाणं लेकरू!" लविनाला अभिमान वाटला. दिवा मालवल्यावर त्या अभिमानाचं हळूहळू दुसरंच काहीतरी होत गेलं.

जुई कधी काही मागत नसे. तिला तसं शिकवलं लविनानंच. वसईला, कुणाच्या तरी पहिल्या कम्युनियनच्या पार्टीत, तीन वर्षांची जुई भर मांडवात ओरडली होती, "मला अजून केक!" आणि नवऱ्याची आत्या हसून म्हणाली होती, "का गो, घरी देत नाहीत वाटतं?" त्या रात्री लविनानं पोरीला समोर बसवून सांगितलं, दुसऱ्याच्या घरी मागायचं नाही. कुणी विचारलं तर पोट भरलं म्हणायचं. एकदाच सांगितलं होतं. ज्या शंभर गोष्टी शंभरदा सांगितल्या, त्यातली एकही पोरीनं ऐकली नाही. ही मात्र पक्की बसली. पुढे झांबियात, लुसाकाच्या बालवाडीतून डबा भरलेला परत येऊ लागला. "खा" असं कुणी म्हटलंच नाही, म्हणून. लविनानं बालमानसशास्त्रात एमए केलं होतं. हल्ली ती हे कुणाला सांगत नसे.

आणि आता ब्लेझनं, तिच्या नवऱ्यानं, पूर्वेकडच्या या दरीत, कालिंडा मिशनच्या शेतावर पंप चालवण्याची नोकरी घेतली होती. शाळा एकच, हीच. दुसरा पर्याय म्हणजे मायलेकींनी लुसाकाला राहायचं आणि ब्लेझनं इथं. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. लविनानं मुख्याध्यापिकांना विचारायचे चौदा प्रश्न वहीत लिहून आणले होते. पण रात्रभर डोक्यात घोळत राहिला तो एकच, पंधरावा, जो वहीत नव्हता: न मागणाऱ्या पोरीला इथं भूक लागली, तर कुणाला कळणार?

सकाळी न्याहारीच्या पावाचा एक कोपरा कुरतडून जुईनं उरलेला पाव आईकडे दिला. लविनानं तो कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मग शाळा दाखवायला एक म्हातारे गृहस्थ आले.

त्यांचं नाव येलेमिया न्जोव्हू. चाळीस वर्षं शाळेचं कोठार सांभाळून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आगोगो म्हणत. तिकडे आजोबांनाही आगोगो आणि आजीलाही आगोगोच. त्यांनी लविनाला पहिल्याच वाक्यात "अमाके जुई" केलं. जुईची आई. तिकडे बाईला लेकराच्या नावानं ओळखतात. एमए गेलं, माहेरचं आडनाव गेलं, नवऱ्याचंही गेलं. लविनाला ते ऐकून बरंही वाटलं आणि धडधडलंही.

आगोगोंनी वर्ग दाखवले, भाजीचे वाफे दाखवले, कोंबड्यांची खुराडी दाखवली. मुलांच्या उंचीप्रमाणे दांडे कापलेल्या कुदळी भिंतीला ओळीनं टेकवलेल्या होत्या. जुई मागून चालत होती, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत वसईहून आलेली सुकेळी होती, लविनाच्या आईनं वाडीतली केळी वाळवून, पानात बांधून पाठवलेली. लुसाकाहून निघताना लविनानं ती पोरीच्या मांडीवर दिली होती, "नीट धर. उघडायची नाहीत हं, सिस्टरांना द्यायची आहेत." दहा तासांच्या प्रवासात तिला काहीतरी काम असावं म्हणून. रात्री टेबलावर द्यायची राहूनच गेली.

शेवटी ते कोठारापाशी आले.

कोठार मोठं होतं, लाल विटांचं, पत्र्याच्या छपराचं. भिंती दोन पुरुष उंच. पण दार? दार होतं जेमतेम लविनाच्या कमरेच्या वर. मूळची चौकट चांगली उंच असावी, कारण दारावरच्या विटा वेगळ्या रंगाच्या होत्या. वरून कुणीतरी ती मुद्दाम बुजवत खाली आणली होती. मक्याचं पोतं पाठीवर घेतलेला एक दांडगा माणूस आला, गुडघ्यावर बसला, पोतं आत सरकवलं आणि मागोमाग रांगत गेला.

"तुमचे पंपवाले साहेब," आगोगो म्हणाले, "काल तीनदा आपटले. दार सगळ्यांनाच शिकवतं. काहींना एकदा पुरतं."

"तो घरीही तसाच आहे," लविना म्हणाली. मग विचारलं, "पण असं का केलंय? मोठं दार होतं ना?"

आगोगो आंब्याच्या सावलीत बाकावर बसले. त्यांनी तिला बसायला खुणावलं, जुईला दोघांच्या मध्ये बसवलं. हसू चेहऱ्यावरून उतरलं.

या दरीत, असं सांगतात, आधी दोन शाळा होऊन गेल्या होत्या. पहिली एका फादरांनी काढली. फादर तापानं गेले, शाळा त्यांच्या मागोमाग गेली. दुसरी समुद्रापारच्या मदतीवर चाले. पत्र येई, पत्रामागून पेट्या येत. मग तिकडे लढाई लागली आणि पत्रं थांबली. त्या दोन्ही शाळांच्या भिंतींत शेळ्या बांधत. दरीतले लोक म्हणत, शाळा म्हणजे पाहुणा. खातो, बोलतो, निघून जातो.

तिसऱ्या खेपेला सिस्टर ओडिलिया आल्या. कुठल्या थंड देशातून आल्या, ते आता कुणाला नक्की ठाऊक नाही. उंच होत्या, हात नांगरट्यासारखे होते, आणि हसल्या तर फक्त मुलांसमोर, असं म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी वेदीपुढे गुडघे टेकून शपथ घेतली: ही शाळा कुणाच्या पत्रावर जगणार नाही, स्वतःच्या शेतावर जगेल. सकाळी अक्षरं, दुपारी कुदळ. मुलांनी पेरलं, मुलांनी खुरपलं, मुलांनी खाल्लं. दोन वर्षं पीक असं आलं की लोक म्हणू लागले, ही शाळा पाहुणी नाही, ही सून आहे, राहणार.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही.

आधी शेळ्या गेल्या, मग म्हातारी माणसं जाऊ लागली. शाळेचं धान्य संपलं. उरलं ते बियाणं, पाच पोती, या कोठारात. गावचा मुखिया आला आणि दिवसभर पायरीवर बसून राहिला. बसणं हेच मागणं होतं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "बियाणं खाल्लं तर शाळा खाल्ली." त्यांनी वर्गात मुलांकडूनही हेच घोकून घेतलं. बियाणं भुकेचं नसतं. बियाणं पुढच्या वर्षाचं असतं.

"आणि बरोबरच होतं ते," आगोगो म्हणाले. "माझ्या आज्यानं याच दरीत बियाणं खाऊन संपलेली घरं पाहिली होती."

पण सिस्टर काही दगड नव्हत्या. असं सांगतात की रात्री त्यांचा हात आपोआप चावीकडे जाई. दोनदा तर त्या कुलपापर्यंत जाऊन परत आल्या. तेव्हा त्यांना मुखियाची नाही, गावाची नाही, स्वतःचीच भीती वाटू लागली. म्हणून एका सकाळी त्यांनी पहिलीच्या वर्गातून चिसोमोला बोलावलं.

चिसोमो सहा वर्षांची. बापाला खाणीत नेलेलं, आई नव्हती. आजी आणि रांगतं भावंड, एवढंच घर. ती कधी खोटं बोलत नसे, कधी उशिरा येत नसे. "आणि सांगणारे इथं नेहमी थांबतात," आगोगो म्हणाले, आणि तेही थांबले. "ती कधी काही मागत नसे."

लविनानं मान खाली घातली. जुईचे पाय बाकावरून लोंबत होते. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते.

सिस्टरांनी चावी दोरीत ओवून चिसोमोच्या गळ्यात घातली. म्हणाल्या, "पाऊस येईपर्यंत दार उघडायचं नाही. कुणीही मागितलं तरी नाही. मी मागितलं तरी नाही."

"इंदे, सिस्टर," पोर म्हणाली. इंदे म्हणजे हो.

मग ती शाळा सुटल्यावर कोठाराच्या दाराशी बसू लागली. म्हाताऱ्या येत, पदर पसरत. ती मुठीत चावी धरून मान हलवी. मुखिया एकदा म्हणाला, "एवढा बुटका पहारेकरी आमच्या राजालाही नाही!" आणि त्या उपासमारीतही लोक हसले, म्हणे. येणारा-जाणारा तिला विचारी, "चिसोमो, चावी आहे ना?" ती म्हणे, "आहे." सिस्टरही रोज हाच प्रश्न विचारत.

एके दिवशी सिस्टरांचाच धीर सुटला. गावात एकाच घरातून दोन प्रेतं निघाली होती. त्या धावत कोठारापाशी आल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "दे ती चावी." चिसोमो उठून उभी राहिली, पाठ दाराला लावली आणि म्हणाली, "तुम्हीच सांगितलंय, तुम्ही मागितलं तरी नाही." सिस्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून परत गेल्या. किती शहाणं लेकरू, असं त्या क्षणी त्यांना वाटलं. त्या एका अभिमानाचं पाप त्या पुढं मरेपर्यंत दर शनिवारी कबूल करत राहिल्या, असं सांगतात. कबुलीतलं बाहेर कसं आलं ते मात्र विचारायचं नसतं.

शाळेत मुलांना दिवसाला एक पळी पातळ पेज मिळे. चिसोमो आपली पेज भोपळ्याच्या तुंब्यात ओतून घरी नेई आणि भावंडाला पाजी. आजीला वाटे, पोर शाळेत जेवून आली. सिस्टरांना वाटे, पोर घरी जेवते. चावी आहे का, हे सगळ्यांनी विचारलं. तू जेवलीस का, हे कुणीच नाही विचारलं.

आगोगोंनी कोठाराच्या दाराकडे पाहिलं. आत कुणीतरी पोती रचत होतं, त्याचा दबका धप्प धप्प आवाज येत राहिला.

ती सापडली तेव्हा आभाळात पहिले ढग होते, असं म्हणतात. दाराला टेकून बसलेली, पाठ ताठ, मूठ गळ्यापाशी. आधी सगळ्यांना झोपलेलीच वाटली. कुणी म्हणतात पाऊस त्याच दुपारी आला. "माझा नाही विश्वास," आगोगो म्हणाले. "गोष्टीत लोकांना पाऊस लगेच हवा असतो. माझी आजी सांगायची, चौथ्या दिवशी आला. चार दिवस, अमाके जुई. चार दिवस तर काढता आले असते."

सिस्टरांनी ती मूठ उघडू दिली नाही. चावी तिच्याबरोबरच पुरली. कोठाराचं दार त्यांनी स्वतः कुदळीनं फोडलं आणि पाचातली अडीच पोती चुलीवर चढवली. सगळी दरी त्या मातीला जमली, सगळी दरी जेवली, आणि जेवताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. उरलेली अडीच पोती पेरली.

"मग?" लविनानं विचारलं.

"मग पीक आलं. शाळा टिकली. तेव्हापासून आजपर्यंत बाहेरून दाणा आणावा लागलेला नाही." म्हाताऱ्यानं तळहात उलटे करून दाखवले. "हेच तर अवघड आहे. सिस्टर चुकल्या असत्या आणि शाळाही बुडाली असती, तर गोष्ट सोपी होती. सांगून मोकळे झालो असतो. पण शाळा टिकली. मी इथंच शिकलो, माझी मुलं शिकली. आम्ही सगळे त्या अडीच पोत्यांचे आहोत."

फोडलेल्या दाराची चौकट नवी करायची वेळ आली, तेव्हा सिस्टरांनी गवंड्याला एक बोरूची काठी दिली. ज्या काठीनं चिसोमोची शवपेटी मापली होती, तीच. म्हणाल्या, दार एवढंच ठेव. गवंडी म्हणाला, सिस्टर, यातून माणूस कसा जाईल? त्या म्हणाल्या, गुडघ्यावर. पुढची सव्वीस वर्षं त्या स्वतः तशाच गेल्या. शेवटी शेवटी गुडघे वळेनात, तर दाराबाहेर बसून राहत, पण दार वाढवू दिलं नाही.

"आणि दुसरी एक चाल त्यांनी पाडली," आगोगो म्हणाले. "ती आता बघालच. वेळ झालीच आहे."

खरंच घंटा वाजली. नांगराची जुनी तबकडी झाडाला टांगली होती, ती कुणीतरी बडवली. मुलं वर्गांतून निघून कोठारापुढं ओळीत उभी राहू लागली. ओळीच्या टोकाशी, बुटक्या दारात, पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी येऊन उभी राहिली. गळ्यात दोरी आणि दोरीत चावी.

आजही, आगोगोंनी सांगितलं, शाळेतल्या सगळ्यांत लहान लेकराच्या गळ्यात नव्या कुलपाची ही चावी असते. आजही कोठाराचं दार तेच लेकरू उघडतं, आणि जेवणाआधी भांड्याशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतं, भूक लागली आहे का? शिक्षकांना, पोतेवाल्याला, बिशप आले तर बिशपांनाही. चावी आहे का, हे या शाळेत त्याला विचारायला मनाई आहे. आणि "पोट भरलंय" हे उत्तर पहिल्यांदा कुणी खरं धरत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तरच खरं.

"तीनदा," लविना पुटपुटली. तिच्या आजीच्या पंगतीतही वाढपी तीनदा आग्रह करत, आणि पाहुणे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा पान पुढं सरकवत. जुईला तिनं फक्त नको म्हणायचं तेवढं शिकवलं होतं. लोक पुन्हा विचारत नाहीत हल्ली, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणखी एक," आगोगो म्हणाले. "एकाचं उत्तर दुसऱ्यानं द्यायचं नाही. आईनंही नाही."

चिमुरडी ओळ सोडून बाकापाशी आली. आधी आगोगोंना विचारलं. ते म्हणाले, "लागलीय, राणीसाहेब, पहाटेपासून." ती गंभीरपणे मान हलवून पुढं सरकली आणि जुईसमोर उभी राहिली. दोघींनी एकमेकींना नीट पाहून घेतलं.

"मुली ना न्जाला?"

लविनाच्या तोंडाशी वाक्य तयारच होतं: नाही नाही, आम्ही खाऊन आलोय, थँक्यू. ओठ उघडलेसुद्धा. आगोगोंनी एक बोट वर केलं. तिनं वाक्य गिळलं, बाकावरून उतरून पोरीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "ही ताई विचारतेय, तुला भूक लागलीय का?"

जुईनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उत्तर तिथं लिहिलेलं असतं, हे तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. लविनानं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. एवढं अवघड काम तिनं आजवर केलं नव्हतं.

"पोट भरलं," जुई म्हणाली.

"मुली ना न्जाला?" चिमुरडीनं त्याच सुरात विचारलं, जणू पहिल्यांदाच विचारतेय.

"पोट भरलं," जुई म्हणाली, पण या खेपेला हळू, आणि तिची नजर दारापाशी ठेवलेल्या वाफाळत्या भांड्याकडे गेली.

मागची सगळी ओळ थांबली होती. कुणी कुरकुरलं नाही. त्यांना सवय असावी. चावीवाली मुलगी एक पाऊल पुढं आली, इतकी की दोरीतली चावी जुईच्या पिशवीला टेकली, आणि तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

जुईनं पिशवी छातीशी धरली.

"लागलीय," ती म्हणाली. "कालपासून. पण मम्मी, ही सुकेळी सिस्टरांना द्यायची आहेत ना?"